सरळ खाली

३ फेब्रुवारी

प्रिय कॅझ,

काउंटीने वृद्धाश्रम विकायला काढला आहे, म्हणून हे पत्र. नोटीस शनिवारी वांडाच्या खोलीच्या दारावर चिकटवलेली होती. तिने ती वाचली नव्हती, आणि वाचली असती तरी जेवणापर्यंत विसरली असती. मी वाचली. घेणारी कंपनी बाहेरची आहे. ज्यांचा खर्च सरकार उचलतं अशा रहिवाशांना ठेवून घ्यायचं बंधन तिच्यावर नाही. माझी बहीण वांडा त्यांतलीच एक.

फोन केला नाही, कारण फोनवर तू विषय बदलतोस. तुझ्या कचेरीच्या ईमेलवर लिहिलं नाही, कारण तिथलं अक्षर न् अक्षर कुणालाही मागवून वाचता येतं. म्हणून कागद.

काउंटीच्या मंडळावर एक सभासद बदलला तर विक्री थांबते. त्या जागेसाठी मिर्लांद दोर्से उभी राहते आहे. वांडाच्या मजल्यावरची नर्स. ख्रिसमसला तू आणलेला खसखशीचा रोल जिने वांडाला बारीक तुकडे करून भरवला, तीच. आपल्या टोकॅनिक काउंटीत नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती असते. जूनमध्ये आपल्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत कोण जिंकलं यावर सगळं ठरतं. आणि जूनमध्ये कोण जिंकणार हे ठरतं तुझ्या टेबलावर, मतपत्रिका आखताना.

तुला समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगते. पक्षाने पसंत केलेले सगळे उमेदवार एका रकान्यात, डावीकडून पहिल्या. वर गव्हर्नर, खाली सिनेटर, त्याखाली मंडळ, सगळी ओळखीची नावं एका माळेत. त्याच पदासाठी दुसरं कुणी उभं राहिलं, तर त्याचं नाव मधले रिकामे रकाने सोडून कागदाच्या पार उजव्या टोकाला. मागच्या खेपेला ओटिस लँगचं नाव नेमकं घडीवर आलं होतं. माणसं त्याला शोधत होती आणि तो घडीत बसला होता.

कोर्टात खटला चालू आहे. मागणी साधी आहे: एका पदाची एक चौकट, त्या पदाचे सगळे उमेदवार त्या चौकटीत एकाखाली एक, आणि क्रम चिठ्ठी टाकून. तुझ्या वरिष्ठ मिसेस व्हॅन ऱ्हाइन यांनी शपथेवर सांगितलं आहे की आपल्या यंत्रांना अशी मतपत्रिका जमणार नाही. टोकॅनिक काउंटीतली प्रत्येक मतपत्रिका तू तयार केली आहेस. हे खोटं आहे हे तुला माहीत आहे. कोर्टात जाऊन खरं सांग.

तुझी मामेबहीण,
बर्निस

---

१२ फेब्रुवारी

मिस कुबियाक,

मामेबहिणीला लिहायला बसलो होतो, पण तुझं पत्र वाचून नववीच्या नागरिकशास्त्राच्या वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. तेव्हाही तू मला भावाची सवलत दिली नव्हतीस. उलट दोन गुण कमी दिले होतेस, लोकांनी बोलू नये म्हणून.

वृद्धाश्रमाचं ऐकलं. वाईट वाटलं, खरंच. पण बर्निस, मी उपक्लार्क आहे, संत कॅझिमिर नाही. माझी नोकरी पक्षाने दिली. माझ्या बापाची पक्षाने दिली. माझा मेव्हणा रस्ते खात्यात खड्डे बुजवतो, तो खड्डासुद्धा पक्षाचा. उभं राहून कोर्टात 'आमच्या बाई खोटं बोलल्या' असं सांगायचं आणि सोमवारी त्याच बाईंना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं? कॉफीच्या यंत्रापाशी माझ्या पाठीत कोण कोण सुरी घालेल त्याची यादी करायला मोठा कागद लागेल.

शिवाय तुला वाटतं तसं रकान्यामुळे लोक मेंढरं होत नाहीत. लोकांना तो रकाना आवडतो. वांडालाच बघ. आपल्या वॉर्डात इतकी वर्षं पक्षाची बाई तीच होती ना? मतदानाच्या दिवशी अग्निशामक केंद्राच्या दाराशी डोनटचा डबा घेऊन उभी राहायची. लोक विचारायचे, 'वांडा, यंदा कोण?' ती म्हणायची, 'पहिला रकाना, सरळ खाली. इकडे तिकडे बघायचं नाही, हे काय सुपरमार्केट आहे?' माझ्या आईला इंग्रजी नीट वाचता येत नव्हतं, पण सरळ खाली जमायचं. मरेपर्यंत तिने एक मत चुकवलं नाही.

कडेच्या रकान्याला आम्ही कचेरीत सायबेरिया म्हणतो. आपल्या आजोबांच्या भावाला खऱ्या सायबेरियात नेलं होतं, आणि तिथूनही तो चालत परत आला. तेव्हा मिर्लांदला सांग, धीर सोडू नकोस.

कॅझ

---

४ मार्च

कॅझ,

आज संत कॅझिमिरचा दिवस, तुझ्या नावाचा. नामदिनाच्या शुभेच्छा. केक पाठवला नाही.

तुझ्या आईने मत चुकवलं नाही असं तू लिहितोस. तिने मत दिलंच नाही. वांडाने सांगितलेल्या रेघेवर तिने पेन फिरवलं. वांडाच्या डोनटबद्दल माझ्या मनात राग नाही. पायऱ्या उतरायला घाबरणाऱ्या म्हाताऱ्यांना तिने घरातून बाहेर काढलं, बर्फात मोटारीने नेलं आणलं. पण वर्षानुवर्षं तिने त्यांना एकच गोष्ट शिकवली. मी वर्गात 'वाचा, मग ठरवा' असं शिकवायचे आणि माझीच बहीण रस्त्याच्या पलीकडे ते पुसून टाकायची. रविवारी एकाच टेबलावर जेवायचो आणि यावर बोलायचो नाही.

आता ती मला कधी कधी 'मिस' म्हणते, अनोळखी बाईला म्हणावं तसं. काल तिने मिर्लांदला विचारलं, 'या बाई रोज येतात, त्यांना घरी कुणी नाही का?' मिर्लांद म्हणाली, 'आहे की. तुम्हीच.' वांडा म्हणाली, 'मग बरं आहे, मी नीट कपडे घालून बसते.'

ही खोली, ही खिडकी, ही नर्स, एवढंच तिला ओळखू येतं. इथून हलवली तर तेही जाईल. डॉक्टरांनी दुसऱ्या शब्दांत हेच सांगितलं.

सुनावणी अठराला आहे. तुला समन्स निघणार आहे. मी वकिलांना तुझं नाव दिलं. रागव हवं तर.

बर्निस

---

३१ मार्च

बर्निस,

तू तिथे होतीस, तिसऱ्या रांगेत, तो तपकिरी कोट घालून. मी तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उत्तर देण्याआधी हात वर केला असता.

वकिलाने विचारलं, 'यंत्रांना चौकटीची मतपत्रिका जमेल का?' मी म्हणालो, जमेल. 'किती वेळ लागेल?' मी म्हणालो, एक दुपार. कुणीतरी मागे हसलं. मिसेस व्हॅन ऱ्हाइन हसल्या नाहीत.

निकाल तुला माहीत आहे. घ्या तुमची चौकट. आता कचेरीत माझ्याशी फक्त छपाईचं यंत्र बोलतं, तेही कागद अडकला की. जेवायला मी समोरच्या डायनरमध्ये जातो. परवा पक्षाध्यक्ष तिथे आले, माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, 'कॅझ, अंडी कशी हवीत? रकान्यात, की चौकटीत?' सगळे हसले. वाढणारी पोरगीसुद्धा. मीही हसलो. काय करणार, अंडी गार होत होती.

काल क्रमाची चिठ्ठी काढली. तेच जुनं लाकडी पिंप, नावं घातलेल्या त्याच गोळ्या, फक्त एरवी पक्षाचंच नाव पहिलं काढणारा मिसेस व्हॅन ऱ्हाइन यांचा हात या वेळी चुकला. पहिली गोळी: दोर्से. मिर्लांदचं नाव मंडळाच्या चौकटीत पहिलं, पक्षाच्या फेल्टनचं तिसरं. ती रडली. फेल्टनने तिच्याशी हात मिळवला. सभ्य माणूस आहे, फक्त वृद्धाश्रम विकणार आहे.

सोबत नमुना जोडला आहे. एक गोष्ट लक्षात घे. मतदान केंद्रावर एका पदासाठी दोन खुणा केल्या तर यंत्र ओरडतं आणि कागद परत देतं. टपालाने आलेला कागद ओरडत नाही. त्या पदाचं मत सरळ बाद. म्हणून प्रत्येक चौकटीवर सूचना घातली आहे: 'एकालाच मत द्या.' अक्षर बघ आणि सांग.

कॅझ

---

५ एप्रिल

प्रिय कॅझ,

सूचनेचं अक्षर लहान आहे. दुप्पट कर, जाड कर. चौकटीची रेघही जाड हवी. बाकी चांगलं आहे.

कोर्टात तू सरळ उभा राहिलास. वर्गात पोक काढून उभा राहायचास.

केक पाठवते आहे. डायनरमधली अंडी खाऊ नकोस, तुला कोलेस्टेरॉल आहे.

बर्निस

---

९ मे

प्रिय कॅझ,

आनंदाची बातमी मी फारशी लिहीत नाही, म्हणून ही लिहून ठेवते.

वृद्धाश्रमात टपाली मतपत्रिका आल्या. सगळ्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये बसून मतं दिली. नातेवाइकांना आत सोडलं नाही, आणि ते योग्यच आहे. मिर्लांदने त्या दिवशी रजा घेतली होती, कुणी बोट दाखवू नये म्हणून. मी काचेच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले.

कॅझ, तू वांडाला पाहायला हवं होतंस. निळा स्वेटर घातला होता, केस विंचरले होते. तिच्या टेबलावरच्या म्हातारीला तिने खांद्याला धरून नीट बसवलं. मग उठली आणि शेजारच्या टेबलाशी गेली. मग पुढच्या. प्रत्येक टेबलाशी वाकून बोलायची, लोक हसायचे, मान डोलवायचे. म्हातारा रुडी, जो ईस्टरपासून कुणाशी बोललेला नाही, तो तिला 'हो वांडा, हो' म्हणाला. ओठांवरून कळलं. टेबलक्लॉथवरच्या सुरकुत्या ती बोटाने काढत होती, वरून खाली, प्रत्येक टेबलाशी थांबून, घरात पाहुणे आल्यासारखी. गेल्या दोन वर्षांत मी तिला इतकी ताठ चालताना पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने माझं नाव घेतलं. 'बर्निस, तू इथे काय करतेस? तुला शाळा नाही का?'

सगळ्यांना मिर्लांद माहीत आहे. ती त्यांच्या पायांना मलम लावते. ही मतं कुठे जातील ते मला ठाऊक आहे. मिर्लांदने घरोघरी फिरून दुसऱ्या वॉर्डांतही जम बसवला आहे. अटीतटीची होईल, पण वृद्धाश्रमाचा गठ्ठा तिला पार नेईल.

तू म्हणाला होतास लोकांना रकानाच आवडतो. नवी मतपत्रिका पाहून कुणी घाबरलं नाही. सगळ्यांनी पटापट भरली.

बर्निस

---

१४ मे

बर्निस,

वांडा सुरकुत्या काढत होती? तिने आयुष्यात कधी इस्त्री हातात धरली नाही. तिचा नवरा लग्नाच्या फोटोतसुद्धा चुरगळलेला आहे.

ती टेबलांशी नेमकं काय बोलली? विचारलंस का?

कॅझ

---

१८ मे

कॅझ,

विचारलं. ती म्हणाली, 'आठवण करून दिली.' कसली? 'मत द्यायची. नाहीतर लोक विसरतात.' मग तिला झोप आली.

तुझ्या पत्रातला सूर मला आवडला नाही. एक बाई सगळं विसरली आणि मत देणं तेवढं विसरली नाही, यात तुला हसण्यासारखं काय दिसतं? तू इतकी वर्षं त्या कचेरीत काढलीस की कुणी चांगलं वागलं तरी तुला त्यात खोट दिसते.

लिफाफे बंद होऊन गेले आहेत. आता वाट बघायची.

बर्निस

---

१२ जून

प्रिय बर्निस,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी विनोदाने सुरुवात झाली. म्हणून आता विनोद नाही.

आकडे तू वर्तमानपत्रात वाचलेस. मिर्लांद थोड्यात हरली. तू मिसेस व्हॅन ऱ्हाइन यांना लिहिलेलं पत्र माझ्या टेबलावर आलं आहे. 'वृद्धाश्रमाचा गठ्ठा कुठे गेला?' असं तू विचारलंस. फेरफार झाला असं तू लिहिलं नाहीस, पण ओळींमधून तेच दिसतं.

बर्निस, फेरफार झाला नाही. मोजणीच्या वेळी मी खोलीत होतो. गठ्ठा उघडला तेव्हा दोन्ही पक्षांची माणसं टेबलाला होती. पहिली मतपत्रिका: डाव्या बाजूचं प्रत्येक वर्तुळ भरलेलं. गव्हर्नरच्या चौकटीतली सगळी नावं, त्याखाली सिनेटची सगळी, त्याखाली मंडळाची सगळी. कागदाच्या वरच्या टोकापासून तळापर्यंत, एकही न सोडता. मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. काहींच्या खुणा वाकड्या, काहींची शाई वर्तुळाबाहेर गेलेली, पण सगळ्या सरळ खाली.

जवळजवळ सगळा गठ्ठा तसा होता. प्रत्येक चौकटीत सगळ्यांना मत, म्हणून कुणालाच नाही. त्यातली निम्मी मतं जरी धरली गेली असती तरी मिर्लांद आली असती. मी म्हणालो, 'यांना कुणाला मत द्यायचं होतं ते आपल्याला ठाऊक आहे.' टेबलावरचा एक जण म्हणाला, 'ठाऊक असणं वेगळं, कॅझ. कागदावर काय आहे?' कायद्याने त्याचं बरोबर होतं. मीच ती सूचना जाड अक्षरात छापली होती.

पक्षाध्यक्ष नंतर आले. एक मतपत्रिका बघून म्हणाले, 'बघा. यांनी रेघ पुसली, म्हाताऱ्यांनी पेनाने परत काढली.' आणि या वेळी मी हसलो नाही, हे तुला सांगायचं होतं.

तुझं ९ मेचं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. सुरकुत्या कोण वरून खाली काढतं, एका बोटाने? पण तोवर लिफाफे बंद झाले होते, आणि उघडायचा अधिकार कुणालाच नव्हता. मी जास्त स्पष्ट लिहिलं नाही. तू महिनाभर तरी खूश राहावंस असं वाटलं.

वांडाला काही सांगू नकोस.

कॅझ

---

२० जून

कॅझ,

पत्र मिळालं. मिसेस व्हॅन ऱ्हाइन यांना लिहिलेलं पत्र मागे घेत असल्याचं आज कळवलं.

काल वांडाशेजारी बसून मी टेबलावर एक रिकामी नमुना मतपत्रिका ठेवली. विचारलं, 'वांडा, हे कसं भरायचं?' तिने माझ्याकडे पाहिलं, पंचवीस वर्षांपूर्वी बघायची तसं, जरा कीव करत. म्हणाली, 'मिस, तुम्ही नवीन दिसता. डावीकडून पहिला, सरळ खाली. इकडे तिकडे बघायचं नाही.' आणि बोट फिरवलं.

मी म्हटलं, 'एका चौकटीत एकच असतं.' ती म्हणाली, 'कोण म्हणतं?' मी म्हटलं, 'मी.' ती म्हणाली, 'तुम्ही कुठल्या वॉर्डाच्या?'

मी मतपत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली.

बर्निस

---

३० ऑगस्ट

बर्निस,

दोन बातम्या, दोन्ही तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नयेत म्हणून.

मला पासपोर्टच्या खिडकीवर टाकलं आहे. दिवसभर लोकांना 'हसू नका' असं सांगतो. फोटोत दात दिसले तर चालत नाही.

दुसरी: वृद्धाश्रमातल्या त्या मतपत्रिकांच्या प्रती राजधानीला गेल्या आहेत. नवा कायदा आणायचा आहे: पक्षाच्या उमेदवारांना पुन्हा एका रकान्यात बांधायचं. कारण दिलं आहे, 'चौकटीच्या मतपत्रिकेने वृद्ध मतदार गोंधळतात.' पुरावा म्हणून त्यांनी आपल्या वृद्धाश्रमातल्या म्हातारे-म्हातारींची पानं जोडली आहेत. माझं कोर्टातलं निवेदन त्याच फायलीत आहे, पुढच्या पानावर. तो पास होईल असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

विक्रीच्या कागदांवर सोमवारी सह्या झाल्या. वांडाला कधी हलवणार?

कॅझ

---

१६ सप्टेंबर

प्रिय कॅझ,

हलवलं. काल.

नवी जागा दोन काउंट्या पलीकडे आहे, बसने मला अर्धा दिवस लागेल. मिर्लांदला त्यांनी कामावर घेतलं नाही. तिने विचारलं होतं. तरी ती काल आली, आपल्या गाडीत, गणवेश नसताना. वांडा तिच्याकडे बघून म्हणाली, 'ही मुलगी कुठेतरी पाहिली आहे.' मिर्लांद म्हणाली, 'मी उभी होते.' वांडाने तिचा हात धरला आणि म्हणाली, 'मग जिंकलीस असशील. आमच्या वॉर्डात सगळे मत देतात.'

मिर्लांद म्हणाली, 'हो. जिंकले.'

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

कायद्याविरुद्ध पुन्हा कोर्टात जायचं का, असं वकिलांनी विचारलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहायचं? की न्यायाधीशांना चौकट पटेल, कागदावर ती छापलीही जाईल, आणि माझी बहीण तिच्यातून बोट फिरवत सरळ खाली जाईल. आणि तिच्यामागे सगळे. त्यांना ते शिकवायला तिचं सगळं आयुष्य गेलं. दुसरं काही शिकवायला त्यांच्याजवळ वेळ उरलेला नाही. माझ्याजवळही नाही.

नव्या जागेच्या बाईंनी सामानाची नोंद मागितली. त्यांना दिली त्याची प्रत तुला पाठवते, कारण नातेवाईक म्हणून दुसरं नाव तुझं घातलं आहे. मला काही झालं तर तू जायचं.

वांडा प्रोकॉप हिच्यासोबत सोपवलेल्या वस्तू:

निळा स्वेटर, एक. राखाडी स्वेटर, एक, कोपरावर रफू.
रात्रीचे झगे, नावाच्या पट्ट्या शिवलेले.
चष्मा, डबीसह. कवळी, वरची आणि खालची.
कानाचं यंत्र, डावं. उजवं ती लावू देत नाही.
लग्नाचा फोटो, चौकटीसह. काच तडकलेली, आधीचीच.
जपमाळ, आईची.
पक्षाचा बिल्ला, वॉर्ड प्रतिनिधी. स्वेटरला लावलेला, काढू नये, रडते.
काळं पेन, एक. ही नोंद खोडली आहे. पेन तिने दिलं नाही.

सोपवणारी: बर्निस कुबियाक, बहीण.